गिअरबॉक्सवरचा गिलास

माझ्या सासुरवाडीला, तळेगावला, मला अजूनही 'तेलवाले जावई' म्हणतात. लग्न जमवणाऱ्यानं 'मुलगा कारखान्यात तेलाचं पाहतो' एवढंच सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते शेंगदाण्याचं तेल समजून घेतलं. पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी मोठ्या संकोचानं विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडचा एखादा पिपा भेटन का जी?" मी म्हटलं, आमच्या तेलात भजी तळली तर खाणारा ताटावरून थेट दवाखान्यात जाईल. त्या हसल्या, पण जावई चिकट आहे असं त्यांचं मत झालं ते झालंच.

तेव्हा आधी सांगून टाकतो. मी वर्ध्याजवळच्या एका रोलिंग मिलमध्ये नोकरी केली. लाल तापलेले लोखंडी ठोकळे दोन रोलांमधून दाबून काढायचे आणि त्यांच्या सळया करायच्या, हा तिथला धंदा. रोल फिरवणारी मोटर आणि रोल यांच्यामध्ये एक भलीमोठी लोखंडी पेटी असते, ती गिअरबॉक्स. तिच्यात छातीएवढी दातेरी चाकं, आणि ती सतत तेलानं भिजलेली. तेल नीट तर चाकं नीट. तेलात पाणी शिरलं, धूळ गेली किंवा तेलच थकलं, की चाकाचे दात खाल्ले जातात आणि एक दिवस सगळी मिल जागच्या जागी बंद पडते. हे तेल बिघडायच्या आधी ओळखायचं, हे माझं काम. आमच्या लाइनीतले लोक तेलाला मशीनचं रक्त म्हणतात. मी म्हणत नाही. रक्त निघालं तर माणूस बोंब तरी मारतो, गिअरबॉक्स मरेपर्यंत गप्प असतो.

नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे यंत्रं कसली, हातच होते. तेलाचा थेंब चिमटीत चोळायचा, वास घ्यायचा, टीपकागदावर थेंब टाकून डाग कसा पसरतो ते पाहायचं. तेलात पाणी आहे का ते पाहायला लागायचा तवा. तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. नुसतं तेल असेल तर मुकाट पसरतं, पाणी असेल तर तडतडतं. तवा मी कँटीनमधून उचलून आणायचो. कँटीनच्या शांताबाई पोळ्या सोडून माझ्या मागं लागायच्या, "साहेब, तुमाले बायकोनं तवा देल्ला नाई का हो आंदणात?"

आसपासचे, कापसातून सरकी काढणारे जिनिंगवालेही ओळखीनं त्यांचं तेल तपासायला आणून देत. एका शेठजींचा नमुना मी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून उलट विचारणा आली, 'तेलात मीठ फार आहे, मशीन समुद्राकाठी आहे काय?' आता वर्ध्याला समुद्र कुठून आणू? शेवटी शेठजींनी कबूल केलं की घरात रिकामी बाटली सापडेना, म्हणून लोणच्याची बरणी विसळून तिच्यातच तेल भरलं. नमुना घेणाऱ्याचा हात आधी पाहावा, तेल मागाहून, हा धडा मी त्या दिवशी लिहून ठेवला. वेळ आली तेव्हा तो वाचायला मात्र विसरलो.

ती गोष्ट गुलाबरावांची.

गुलाबराव आमचे ऑइलमन, म्हणजे मशीनला तेल घालणारा माणूस. कारखान्याच्या उतरंडीत अगदी तळाची पायरी. राहायला नाचणगावला. रोज सकाळी पुलगावहून पॅसेंजर पकडायची आणि वर्धा स्टेशनवरून सायकलनं कारखान्यात यायचं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, शाळा चौथीपर्यंत, बोलणं मोजकं. डब्याच्या पिशवीत स्टीलचा एक गिलास असायचा. त्यावर भांड्यावर कोरतात तसं ठिपक्याठिपक्यांनी 'गुलाबराव' असं नाव. चहा त्यातच, पाणीही त्यातच. तेल ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. पुस्तकात पाच पानं होती ते त्यांनी तव्यापाशी एका वाक्यात सांगितलं होतं, "तेल गप्प बसते जी, बोलते ते पाणी."

नवं शतक लागलं आणि मी सेन्सरसाठी हट्ट धरला. गिअरबॉक्सच्या तेलाच्या पाइपात बोटाएवढी एक कांडी बसवायची. तेलात ओल किती, हे ती दर पाच मिनिटांनी केबिनमधल्या कॉम्प्युटरला सांगणार. पडद्यावर एक रेघ सरकत जाणार, ओल वाढली की रेघ चढणार. खाली मशीनजवळ दोन दिवे, सारं ठीक असेल तर हिरवा, नाहीतर लाल. महिन्यातून एकदा बाटली भरून तपासायची आणि उरलेले एकोणतीस दिवस देवावर हवाला ठेवायचा, हे मला मान्य नव्हतं. मॅनेजरसाहेब मात्र शेवटपर्यंत त्याला 'तुमचं खेळणं' म्हणत. सहा महिने दिवा हिरवाच राहिला. ते येता-जाता विचारत, "काय म्हणतं खेळणं? झोपलंय का?" मला आतून आग लागायची.

मग दसरा आला.

कारखान्यातला दसरा बाहेरच्यांना माहीत नसतो. नवमीला दुपारी मिल बंद होते आणि धुणं सुरू होतं. वर्षभराचं काळं, चिकट मशीन त्या दिवशी न्हाऊन निघतं. केबिनमधून खाली न उतरणारे साहेब लोकही पँट दुमडून येतात. मला तर भारी हौस. गिअरबॉक्स धुवायचा मान मी दरवर्षी माझ्याकडेच ठेवायचो. नुकतीच थांबलेली, चटका बसेल अशी ती पेटी. तिच्यावर पाइपानं पाण्याची धार धरली की भस्सकन वाफ उठायची आणि सगळे ओरडायचे, "अंबामाता की जय!" पाणी आणि वीज एकत्र नको म्हणून तेवढ्या वेळापुरती लाइन बंद ठेवत. त्यामुळे सेन्सरही बंद. धुणं आटोपल्यावर गुलाबरावांनी नेहमीप्रमाणे पातळी पाहिली, ड्रममधून दोन कॅन तेल आणून पेटीत भर घातली, झाकण लावलं आणि घरी गेले.

दसऱ्याला सकाळी पूजा. झेंडूची माळ, नारळ, आरती, सगळ्यांची बायकामुलं आलेली. प्रसाद वाटून झाला की शुभ म्हणून मिल पाच मिनिटं चालवतात. मिल चालली आणि लाल दिवा लागला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सहा महिन्यांच्या थट्टेला उत्तर मिळालं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "तेलात पाणी आहे!" मॅनेजरसाहेब पुढे आले, दिवा पाहिला, पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि विचारलं, "कुठून आलं?"

आता तज्ज्ञ म्हटल्यावर उत्तर तयार पाहिजे. माझ्याकडे होतंच. उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम पाणी पितो. वर पावसाचं पाणी साचतं, ऊन उतरून ड्रम थंड झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. हे मी दहा ठिकाणी शिकवलेलं होतं. नवरात्रात दोन सरी पडल्याही होत्या. मी गुलाबरावांकडे बोट केलं. "ड्रम उघड्यावर उभा ठेवला असशील तू. पाणी गेलं त्यात, आणि डोळे झाकून ओतलंस!"

तोवर मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

गुलाबरावांच्या हातात प्रसाद होता. ते म्हणाले, "ड्रम आडवा होता जी, ताडपत्रीखाली. तव्यावर टाकून पाहा ना."

"तव्याचे दिवस गेले आता," मी म्हणालो. चार साहेब हसले. मीही हसलो.

ड्रम मी पाहिला नाही. गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि रिपोर्ट लिहिला, 'ऑइलमनच्या निष्काळजीपणामुळे'. त्या रिपोर्टावर गुलाबरावांना मेमो मिळाला आणि त्यांची बदली मिलमधून भंगाराच्या आवारात झाली. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तेलाचा माणूस गंजलेले नटबोल्ट निवडत बसला. पोरं त्यांना 'पाणीवाले गुलाबराव' म्हणू लागली. आणि माझ्या सेन्सरचं एवढं कौतुक झालं की मॅनेजरसाहेब पाहुण्यांना तो दाखवायला आणू लागले.

दर दसऱ्याला संध्याकाळी नालवाडीला माझ्या घरी सगळ्यात आधी सोनं घेऊन यायचे ते गुलाबराव. पुलगावची गाडी चुकली तरी चालेल, पण आपट्याची पानं हातात ठेवल्याशिवाय जायचे नाहीत. त्या वर्षी आले नाहीत. बायकोनं विचारलं, "गुलाबरावजी नाही आले?" मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली असेल." चहाचं आधण तिनं गॅसवरून उतरवून ठेवलं.

वर्ष गेलं. पुढच्या नवमीला मी शहाण्यासारखी तयारी केली. लाइन बंद झाली तरी सेन्सर, कॉम्प्युटर आणि पाइपात तेल फिरवणारा छोटा पंप चालू राहावेत म्हणून बॅटरी जोडली. तेल भरायचं झाकण स्वतः घट्ट बसवलं, वर चिकटपट्टी लावून सही केली. नव्या ऑइलमनला सांगितलं, आज एक थेंब घालायचा नाही. म्हटलं, बघू आता कोण पाणी घालतं.

दुपारी तीनला धुणं सुरू झालं. पाइप माझ्या हातात, वाफ, जयजयकार, सगळं यथासांग. ओले कपडे बदलायला केबिनमध्ये गेलो तेव्हा पडद्यावर नजर गेली. रेघ सकाळपासून सपाट होती. तीन वाजेपर्यंत सपाट. तिथून मात्र ती जी चढली ती चढतच होती.

मी खुर्चीत बसलो. झाकणाला माझी सही, ऑइलमननं हात लावलेला नाही. तीन वाजता झालं काय होतं? तीन वाजता मी पाइप हातात घेतला होता.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर छोट्या छत्रीसारखी एक टोपी असते. तिच्यातून पेटी श्वास घेते. आतली हवा तापली की बाहेर जाते, निवली की बाहेरची आत येते. तापलेल्या पेटीवर गार पाणी मारलं की ती एकदम निवते आणि मोठा श्वास आत ओढते. टोपीभोवती त्या वेळी हवा कुठली असणार, माझीच पाण्याची धार होती. ड्रम श्वास घेतो हे दहा ठिकाणी शिकवणाऱ्या मला गिअरबॉक्सही श्वास घेतो हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण सणाच्या दिवशी, आपल्या हातून, पूजेच्या कामात चूक होईल हे डोक्यातच आलं नाही. दरवर्षी आम्ही तिला भक्तिभावानं पाणी पाजत होतो. महिनाअखेरीला बाटली भरायची वेळ येईपर्यंत गरम तेलातून ते उडून जायचं, म्हणून कधी सापडलं नव्हतं. सेन्सर खरं बोलला होता, खोटं मी बोललो होतो.

ओल्या कपड्यांनीच भंगाराच्या आवारात गेलो. गुलाबराव पोत्यावर बसून बोल्ट निवडत होते.

"गुलाबराव, ते पाणी मी घातलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "मालूम आहे जी."

"केव्हापासून?"

"तवापासूनच. तुमी मले बोलले, अन् मी ड्रममधलं तेल घेऊन शांताबाईच्या तव्यावर टाकून पाह्यलं. गप्प बसलं. मंग पाणी आलं कुठून? पाइप कोणाच्या हातात होता?"

"मग काऊन नाही सांगितलं?"

आता त्यांनी बोल्ट खाली ठेवला. "विचारलं कोणं मले? तुमी लाल लाइटले विचारलं. लाइट म्हणे, पाणी हाये. लाइटनं माहं नाव घेतलं होतं काय? नाव तुमी घेतलं." आणि मग त्या मोजकं बोलणाऱ्या माणसाला कढ आला. "एक वरीस झालं साहेब, पोट्टे मले पाणीवाले म्हणून राह्यले. गावात लग्नाच्या पंगतीत बसलतो, तं एकजण म्हणे, पाणी गुलाबरावले वाढू द्या, त्याहिले सवय हाये. सारे हासले. बायको तिथंच होती माही."

मी म्हटलं, "मी आत्ताच लिहून देतो. मेमो रद्द करायला लावतो. तुम्हाला मिलमध्ये परत आणतो."

"कागद तं द्याच. पण कागद कपाटात राहते. मले बोलले ते कपाटात नाई बोलले. साऱ्यांसमोर बोलले, प्रसाद हातात होता माह्या." मग म्हणाले, "मले भंगारातून रिटायर नाई व्हायचं, साहेब. जिथं बोलले तिथंच सांगा."

मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, कागदावर दुरुस्त करा आणि मोकळे व्हा. अधिकाऱ्यानं चारचौघांत कान धरले तर उद्या लेबर आपलं ऐकेल का?" मलाही ते पटत होतं, हे लपवून काय करू? जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोट करायला चारचौघं चालले, मग आता का लाजता?"

दसऱ्याला सकाळी आरती झाली. गुलाबराव सगळ्यात मागे, दाराशी उभे होते. प्रसाद वाटायच्या आधी मी पुढे झालो. म्हणालो, "गेल्या वर्षी याच जागी मी गुलाबरावांवर आळ घेतला. ते पाणी गुलाबरावांनी घातलं नव्हतं. माझ्या हातातल्या पाइपानं गेलं. कालही गेलं, रेघ वर केबिनमध्ये आहे, कोणीही येऊन पाहावी. गुलाबरावांनी ड्रम तपासा म्हटलं, मी तपासला नाही. चूक माझी. गुलाबराव, तुम्ही मला माफ करा."

मॅनेजरसाहेब नारळाकडे पाहत राहिले. तेवढ्यात शांताबाई मागून कडाडल्या, "मंग! माह्या तव्यावर तेल गप्प बसलं होतं ना! मले विचारा की!" पोरं हसली.

गुलाबराव गर्दीतून पुढे आले. माझ्याकडे नाही, आधी गिअरबॉक्सकडे गेले. पेटीच्या बुडाचा नळ उघडला. रात्रभरात तळाशी बसलेलं पाणी बादलीत काढलं आणि धार निव्वळ तेलाची लागल्यावर नळ बंद केला. मग पिशवीतून गिलास काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माथ्यावरच्या त्या टोपीवर उपडा घातला. कोरलेलं नाव लोकांच्या बाजूला आलं.

"दरसाल धुवायच्या आधी हा ठेवजा," ते म्हणाले. "अन् पयले थंडी होऊ द्या तिले. घाई कायची हाये?"

मिल चालू झाली. दिवा थोडा वेळ लाल राहिला आणि मग हिरवा झाला. पण त्या दिवशी दिव्याकडे कोणी पाहत नव्हतं.

संध्याकाळी दारात सायकल लागली. त्यांनी आपट्याची पानं काढायच्या आत मी त्यांच्या पायाला हात लावला. ते मागे सरकले, "हे काय करून राह्यले जी, मोठ्या माणसानं!" मी म्हटलं, "मोठे तुम्ही." बायकोनं चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं.

उरलेली दोन वर्षं गुलाबराव गिअरबॉक्सवरच होते आणि तिथूनच निवृत्त झाले. मेमो काही फायलीतून निघाला नाही. चढवलेला कागद काढता येत नाही म्हणे, त्याच्यावर फक्त दुसरा कागद लावता येतो. माझा लावलेला आहे. नवी पोरं मात्र मला न विचारता दर दसऱ्याला त्या गिलासाला हळदकुंकू लावत.

पुढे त्या टोपीच्या जागी ओल शोषून घेणारी नवी बंद टोपी आली आणि गिलासाचं काम संपलं. मी तो घरी आणला आणि गुलाबरावांना परत द्यायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या तुमच्यापाशीच."

मीही आता निवृत्त आहे. गुलाबरावांनी ऐंशी ओलांडली. सायकल सुटली, नातू मोटारसायकलवर आणून सोडतो, पण दसऱ्याला नालवाडीला येणं चुकत नाही. गेल्या दसऱ्याला जिना चढून दमले. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "पाणी द्या जी."

बायको आतून तांब्या आणि काचेचा पेला घेऊन आली. त्यांनी पेला बाजूला सारला आणि फडताळाकडे बोट केलं. "त्यात नाई. माह्या नावाच्या गिलासात द्या."

तांब्या मी बायकोच्या हातून घेतला. पाणी मीच ओतलं.